गोळ्यांची पिशवी एकदा दाखवून या

आपल्या बहुतेक घरांत फ्रीजवर किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक प्लास्टिकची पिशवी असते. अब्बांच्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या, अम्मींची थायरॉईडची बाटली, मागच्या वर्षी गुडघ्यासाठी आणलेले अर्धे पाकीट, कुणाचे तरी खोकल्याचे औषध आणि तीन-चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, असे सगळे त्यात एकत्र असते. प्रत्येक डॉक्टरांनी आपापल्या तपासणीप्रमाणे योग्य तेच लिहिलेले असते. पण या सगळ्या चिठ्ठ्या शेजारी-शेजारी ठेवून कुणी वाचलेल्या नसतात. या महिन्यात आम्ही त्याच पिशवीबद्दल बोलणार आहोत.

आपल्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहराचेच पाहा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. त्याचे रुग्णालय म्हणजे आपली ‘घाटी’. शहरातले आणि जालना, बीड, परभणीकडचे रुग्णही तिथे येतात. आता एखाद्या बुजुर्गांचा फेरा लक्षात घ्या. शुगरचा केसपेपर घाटीत, हृदयाचे डॉक्टर खासगी, गुडघेदुखीला मोहल्ल्यातले डॉक्टर आणि पोटासाठी हकीमसाहेब. चार ठिकाणी चार कागद. पहिल्या डॉक्टरांनी काय दिले हे चौथ्याला कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे रुग्णाने सांगणे. आणि आपण काय सांगतो? ‘बीपीची एक पांढरी छोटी गोळी चालू आहे.’

एकच औषध, दोन नावे

गोळीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेले नाव असते आणि औषधाचे खरे नाव बारीक अक्षरात. घोटाळा इथूनच सुरू होतो. टेल्मा आणि टेल्मिकाइंड ही दोन वेगळी पाकिटे दिसतात, पण दोन्हींत टेल्मिसार्टन हेच बीपीचे औषध आहे. डोलो, क्रोसिन आणि कॅलपॉल या तिन्हींत पॅरासिटामॉल असते, आणि कॉम्बिफ्लाममध्येही आयबुप्रोफेनसोबत पॅरासिटामॉल असतेच.

शुगरच्या बाबतीत हे अधिक धोक्याचे ठरते. ग्लायकोमेट जीपी या गोळीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशी दोन औषधे आहेत. अमारिलमध्येही ग्लिमेपिराइडच आहे. एका डॉक्टरांची पहिली गोळी चालू असताना दुसऱ्यांनी दुसरी लिहिली आणि रुग्णाने दोन्ही घेतल्या, तर शुगर एकदम उतरू शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. घरच्यांना वाटते, अशक्तपणा आला असेल.

औषधाच्या त्रासावर आणखी औषध

आम्लोडिपिन ही बीपीची फार वापरली जाणारी गोळी आहे. काही जणांच्या पायावर तिने सूज येते. ही सूज गोळीमुळे आहे हे ध्यानात आले नाही तर सूज उतरवायला लघवी जास्त होणारी गोळी दिली जाते. मग रात्री चार वेळा उठावे लागते, अंधारात तोल जातो, आणि वयस्कर माणूस पडला की खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. मूळ कारण पहिल्या चिठ्ठीत असते आणि उपचार मात्र तिसऱ्या चिठ्ठीवर चाललेला असतो.

दुखण्याच्या गोळ्यांचेही तसेच. गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मेडिकलमधून सहज आणली जाते. पण ज्यांना टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी आणि सोबत लघवीची गोळी चालू आहे, त्यांच्या मूत्रपिंडावर या तिघांचा मिळून भार पडतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

घरातल्या बायकांकडे इथे खास लक्ष द्यायला हवे. अम्मी आपले दुखणे सांगत नाहीत, शेजारच्या खालाजानने दिलेली गोळी पाण्याबरोबर घेऊन कामाला लागतात. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी सकाळी एकत्रच घेतली जाते. त्यामुळे थायरॉईडची गोळी अंगात नीट शोषली जात नाही. या दोहोंमध्ये साधारण चार तासांचे अंतर हवे, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

घरगुती आणि युनानी औषधेही या हिशोबात धरावीत. ज्येष्ठमध, म्हणजेच मुलेठी, बरेच दिवस जास्त प्रमाणात घेतली तर बीपी वाढते आणि रक्तातले पोटॅशियम कमी होते. इसबगोल चांगलेच, पण इतर गोळ्यांसोबत त्याच वेळी घेतल्यास काही गोळ्यांचा परिणाम कमी होतो. हकीमसाहेबांची औषधे डॉक्टरांपासून लपवू नयेत आणि डॉक्टरांची हकीमसाहेबांपासून.

हे वाचणारा माणूस कोण?

हे सगळे एकत्र वाचण्याचे शिक्षण फार्मासिस्टने घेतलेले असते. आपल्याकडे मेडिकलवाला म्हणजे पाकीट काढून देणारा आणि पैसे घेणारा, एवढीच ओळख राहिली आहे. प्रत्यक्षात १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. जानेवारी २०१५ मध्ये फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी आणखी स्पष्ट केले की फार्मासिस्टने चिठ्ठी तपासावी, एकच औषध दोनदा तर नाही ना, दोन औषधांचे एकमेकांशी जुळते ना, मात्रा बरोबर आहे ना हे पाहावे, आणि औषध कसे घ्यायचे हे रुग्णाला समजावून सांगावे. म्हणजे आपण त्यांना विचारतो तेव्हा उपकार मागत नसतो. ते त्यांचे काम आहे आणि आपला हक्क.

ऑस्ट्रेलियात २००१ पासून डॉक्टरांच्या सांगण्यावरून फार्मासिस्ट रुग्णाच्या घरी जाऊन सगळी औषधे तपासतो. इंग्लंडमध्येही अनेक औषधे घेणाऱ्यांसाठी दवाखान्यातच अशी तपासणी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी हानी कमी करण्याची मोहीम सुरू केली, त्यात एकाच माणसाला चालू असलेली अनेक औषधे हा एक मुख्य विषय होता. भारतात २००८ पासून फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे, ज्यात विद्यार्थी रुग्णालयात रुग्णांजवळ राहून शिकतात. आपल्या शहरात तर रोजाबागेतल्या डॉ. रफिक झकेरिया कॅम्पसवर वाय. बी. चव्हाण फार्मसी महाविद्यालय आहे. आपल्याच मोहल्ल्यांतली मुले-मुली हे शिक्षण घेतात. खानदानात कुणी फार्मसी शिकलेली मुलगी असेल तर तिला फक्त लग्नाच्या वेळी आठवू नका, दादीजानची पिशवीही तिच्यासमोर ठेवा.

रमजानच्या आधी

आपल्या घरांसाठी या तपासणीची सर्वांत योग्य वेळ रमजानच्या आधीची आहे. दिवसातून तीन वेळची औषधे सेहरी आणि इफ्तार या दोन वेळांत आपल्या मनाने बसवली जातात. सेहरीला घेतलेल्या ग्लिमेपिराइडने दुपारी शुगर उतरू शकते, लघवीच्या गोळीने उन्हाळ्याच्या रोजात अंगातले पाणी कमी होते. मधुमेहतज्ज्ञांचा सल्ला असा आहे की रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे. म्हणजे रज्जबमध्येच निघायला हवे. रोजात शुगर ७० च्या खाली गेली तर रोजा सोडावा असे ते सांगतात. आजाऱ्याला दीनने सवलत दिली आहे. ती न घेता जीव धोक्यात घालणे ही परहेजगारी नव्हे. शरीर आपल्याकडे अमानत आहे.

काय करावे

घरातली सगळी औषधे एका पिशवीत भरा. चालू, बंद, मलम, डोळ्यांचे थेंब, इन्सुलिन, चूर्ण, हकीमसाहेबांच्या पुड्या, काहीही मागे ठेवू नका. सगळ्या चिठ्ठ्या आणि अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट सोबत घ्या. मेडिकलमध्ये गर्दी नसते अशा वेळी, बहुधा दुपारी, जा. दुकानात लावलेले नोंदणी प्रमाणपत्र पाहा आणि त्याच फार्मासिस्टशी बोला. शक्यतो सगळी औषधे एकाच दुकानातून घ्या, म्हणजे त्यांनाही आपली माहिती राहते. प्रत्येक गोळीबद्दल चार गोष्टी विचारा: ही कशासाठी, कधी घ्यायची, किती दिवस, आणि दुसऱ्या कुठल्या गोळीशी हिची अडचण आहे का? उत्तरे एका वहीत लिहा. औषधाचे बारीक अक्षरातले नावही लिहा. ही वही पुढे प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवा.

एक ताकीद महत्त्वाची आहे. फार्मासिस्ट शंका दाखवेल, औषध बंद किंवा कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांचा. काही बीपी-हृदयाच्या गोळ्या, स्टेरॉइड, फिट्सची आणि मानसिक आजाराची औषधे एकदम बंद केल्यास मोठा त्रास होतो. म्हणून वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि अदबीने विचारा. ‘डॉक्टर नाराज होतील’ या भीतीने गप्प बसू नका. सगळी औषधे एका पानावर पाहायला मिळाली तर डॉक्टरांचेही काम सोपे होते. एखाद्या औषधाने त्रास झाला असे वाटले तर डॉक्टरांना सांगाच, शिवाय केंद्र सरकारच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही कळवता येते.

आमची वाचक भगिनी-बंधूंना विनंती आहे की येत्या जुम्मापर्यंत आपल्या घरातली ती पिशवी खाली उतरवा. शिफा अल्लाहच्या हाती आहे, पण गोळी कोणती आणि कधी घेतो हे पाहणे आपल्या हाती दिलेले आहे. अल्लाह आपल्या सर्व बुजुर्गांना सेहत आणि लांब आयुष्य देवो. आमीन.