कंबरदुखी, समुद्रातला शंख आणि आपले रक्त

काजूच्या कारखान्यात दिवसभर बसणाऱ्या, बंदरावर मासळीच्या पाट्या उचलणाऱ्या, चिरेखाणीवर राबणाऱ्या आमच्या सिंधुदुर्गातील भगिनींना कंबर कधीपासून दुखते म्हणून विचारावे, तर "चलताच तां" एवढेच उत्तर मिळते. मेडिकलमधून गोळी आणायची आणि कामावर जायचे. अशा गोळ्या डॉक्टरांना न विचारता रोज घेतल्या तर जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात.

मग जुनाट दुखण्यावर चांगले औषध का निघत नाही? वेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसांवर प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात. (डाळीतून मिळतात तीही प्रथिनेच, ही मात्र शरीर स्वतः घडवते.) कोणते दार बंद करायचे आणि त्याची घडण कशी, हे कळल्याशिवाय औषध शोधणे म्हणजे अंधारात दगड मारणे.

एक दार समुद्राने दाखवून दिले. शंकूच्या आकाराचे काही विषारी शंख मासा टिपून लुळा करतात. फिलिपिन्सचे शास्त्रज्ञ बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांनी या विषाचा अभ्यास केला आणि त्यातून झिकोनोटाइड हे औषध निघाले. अमेरिकेने २००४ साली त्याला मान्यता दिली. मात्र ते पंपाने थेट पाठीच्या कण्यातील द्रवात सोडावे लागते, म्हणजे गरिबाच्या कामाचे नाही. शंकूशंखाच्या काही जाती आपल्या किनाऱ्यावरही आहेत. मुलांनी जिवंत शंख हातात घेऊ नये.

हे औषध त्या दारात नेमके कसे अडकते, याचे चित्र २०२१ मध्ये मिळाले. असे चित्र तिजोरीत राहत नाही. १९७१ साली प्रथिनांच्या रचनांची एक जागतिक पेढी सुरू झाली. सुरुवातीला तिच्यात जेमतेम सात रचना होत्या, आज दोन लाखांहून अधिक आहेत. कोल्हापूरचा विद्यार्थीही त्या फुकट पाहू शकतो. आम्हाला ही गोष्ट औषधाइतकीच मोलाची वाटते.

पण आकार कळला म्हणून काम संपत नाही. कोणाच्या अंगात कोणते प्रथिन वाढले की दुखणे जुनाट होते, हे पाहायला हजारो माणसांचे रक्त लागते. ब्रिटनमध्ये सुमारे ५४ हजार लोकांच्या रक्तातील जवळजवळ तीन हजार प्रथिने मोजून ती माहिती २०२३ मध्ये संशोधकांना खुली झाली. त्यांत बहुतेक गोरे लोक. चिरे उचलणारी, अर्धपोटी बाळंत झालेली आमची बाई त्या हिशेबात कुठे आहे?

आपल्याकडेही असे रक्त गोळा व्हावे, असे आमचे मत आहे. पण डोळे मिटून नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांनुसार रक्त कशासाठी हवे आणि त्याची माहिती पुढे कोणाला मिळणार, हे आपल्याला समजेल अशा भाषेत सांगावे लागते. नको म्हटले तरी उपचार अडत नाहीत. सही किंवा अंगठा त्यानंतर.