गूळ, रोडगे आणि सोयाबीन

बडोद्याहून वाशीमच्या महाविद्यालयात मराठी शिकवायला आलो, तेव्हा सौभाग्यवतींनी सामानात गुळाची ढेप सर्वांत वर ठेवली होती. बिनगुळाचे वरण आमच्याकडे आजाऱ्याला देतात! पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी पाठवली. पहिल्या घासाला माझे डोळे भरून आले. काकूंना वाटले, सरांना घरची आठवण झाली!

स्कूटरचे दुःख निराळेच. बडोद्यात गाड्या अंगावर येतात. येथे रस्ताच अडून बसतो. ऑक्टोबरात रिसोडच्या वाटेवर अर्ध्या डांबरावर सोयाबीन वाळत घातलेले. मी हॉर्न वाजवला, कायदाही ऐकवला. म्हातारा शेतकरी शांतपणे म्हणाला, "सर, गाडी जरा बाजूनं न्या ना जी. वरीसभराचं पोट हाये हे."

मी खाली उतरलो आणि निमूटपणे स्कूटर ढकलत नेली. परतताना थेंब पडू लागले होते. मग कायदा राहिला बाजूला आणि मी पोत्यांची तोंडे धरून उभा राहिलो. अर्धे धान्य भिजलेच. तरी म्हाताऱ्याने फडक्यातली भाकरी-ठेचा पुढे केला. डोळे पुन्हा भरले. या खेपेस मी दोष ठेच्याला दिला.

१ नोव्हेंबर १९५६ पासून ३० एप्रिल १९६० पर्यंत बडोदे आणि वाशीम एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात होती. पुढे राज्ये वेगळी झाली. आमच्या स्वयंपाकघरात मात्र ती पुन्हा एक होत आहेत: वरणात गूळ निम्मा, आणि ताटात ठेचा!