छोट्या शब्दाची मोठी करामत



दहावीपर्यंत उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकलेली आपली मुलं-मुली अकरावीला अमरावती-अकोल्याच्या कॉलेजात जातात आणि महिनाभरात घरी येऊन सांगतात, "अम्मी, शब्द समजतात, पण वाक्य नाही समजत." ही तक्रार आळशी मुलांची नाही. 'पुट' म्हणजे ठेवणे, 'अप' म्हणजे वर, 'विथ' म्हणजे सोबत. हे तीनही शब्द पाचवीतल्या पोराला येतात. पण 'पुट अप विथ' म्हणजे 'सोबत वर ठेवणे' नव्हे. त्याचा अर्थ सहन करणे. तीन शब्द तीन ठिकाणी शोधून हा अर्थ सापडत नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही ही जोड-क्रियापदं मुलांच्या अंगवळणी पडत नाहीत, कारण ती बोलण्यात जास्त आणि धड्यात कमी असतात. मग हुशार मुलगीसुद्धा "इंग्रजी आपल्यासाठी नाही" असं ठरवून टाकते आणि सायन्स सोडते. घरचेही म्हणतात, जाऊ दे. शिक्षणाची वाट अशा लहानशा ठेचेवरून बंद होऊ नये, म्हणून या महिन्यात हा विषय घेतला आहे.

आधी एक दिलासा. इंग्रजीचा प्रसिद्ध शब्दकोश करणारे सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवलं होतं, की क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परक्या माणसाला सर्वांत अवघड जाते. म्हणजे अडचण आपल्या मुलांच्या डोक्यात नाही, त्या भाषेच्या घडणीत आहे.

दुसरा दिलासा आपल्या घरातच आहे. 'बोलणे' हे एकच क्रियापद घ्या. 'बोलून टाकलं' म्हणजे मन मोकळं केलं. 'बोलून बसला' म्हणजे बोलला आणि आता पस्तावतो आहे. 'बोलून दाखवलं' म्हणजे मनातलं उघड केलं. इथे कोणी काही टाकत नाही की कोणी खाली बसत नाही. आपल्या वऱ्हाडीत तर "काय करून राहिला?" असं विचारतात. त्यातल्या 'राहिला'चा मुक्कामाशी काही संबंध नाही. 'काय करतो आहेस' एवढाच अर्थ. मराठी-उर्दूत दुसरं क्रियापद जोडून अर्थ फिरतो, इंग्रजीत छोटा शब्द जोडून फिरतो. युक्ती एकच आहे आणि ती आपल्या मुलांना न शिकवता येते.

आता तीन शब्दांच्या जोडीची रचना पाहू. पहिला शब्द क्रिया सांगतो. दुसरा त्या क्रियेला नवा अर्थ किंवा दिशा देतो. तिसरा शब्द, म्हणजे शब्दयोगी अव्यय, ती क्रिया कोणाशी किंवा कशाशी जोडायची ते सांगतो. 'रन आउट' म्हणजे संपणे. काय संपलं हे सांगायचं तर 'ऑफ' लागतो. गॅस संपला, 'वुई हॅव रन आउट ऑफ गॅस'. 'गेट अलाँग' म्हणजे पटणे. कोणाशी पटतं हे सांगायला 'विथ'. 'लुक अप टू' म्हणजे एखाद्याला आदराने मानणे आणि 'लुक डाउन ऑन' म्हणजे तुच्छ लेखणे.

दोन नियम पाठ असले की बऱ्याच चुका टळतात. पहिला नियम जागेचा. दोन शब्दांच्या पुष्कळ जोड्या मधून उघडतात. पंखा बंद कर हे 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ' असं दोन्ही तऱ्हेने म्हणता येतं; मात्र 'इट' म्हणायचं झालं तर ते मधेच बसतं, 'टर्न इट ऑफ'. 'पुट अप विथ'सारखी तिहेरी जोडी मधून उघडत नाही. 'पुट अप विथ हिम' बरोबर, 'पुट हिम अप विथ' चूक.

दुसरा नियम अर्ज लिहिणाऱ्यांसाठी. शब्दयोगी अव्ययानंतर क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लागतो. "आपल्या भेटीची वाट पाहतो" हे 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू' असं लिहायचं, 'टू मीट यू' नाही.

आपल्याकडच्या काही चुका मात्र घरच्या भाषेतून येतात. मराठीत 'माझ्यावर रागावला', म्हणून मूल 'अँग्री ऑन मी' म्हणतं; हवं 'अँग्री विथ मी'. 'तिच्याशी लग्न' आणि 'उस से शादी' यांमुळे 'मॅरीड विथ' होतं. हवं 'मॅरीड टू'. 'कुत्ते से डर' वरून 'अफ्रेड फ्रॉम' येतं. हवं 'अफ्रेड ऑफ'. अशा वेळी मुलाला हसू नका. तो आपल्या भाषेच्या नियमाने बरोबरच चालला आहे. इंग्रजीचा नियम वेगळा, एवढंच सांगा.

ही बारीकसारीक बाब फक्त मार्कांपुरती नाही. घरात बीपीचा किंवा शुगरचा रुग्ण असेल आणि पथ्याच्या कागदावर 'कट डाउन ऑन सॉल्ट' असेल तर मीठ कमी करायचं आहे. 'कट आउट शुगर' असेल तर साखर पूर्ण बंद. क्रियापद तेच, पण पथ्य वेगळं.

दीनच्या बाजूनेही ही गोष्ट आपल्याला नवी नाही. अरबीत 'दआ' या क्रियापदापुढे 'लि' आला तर कोणासाठी दुआ करणे आणि 'अला' आला तर बददुआ देणे. 'रगिब'पुढे 'फी' आला तर ओढ, 'अन' आला तर पाठ फिरवणे. सूरह माऊन आपल्या लहान मुलांनाही तोंडपाठ असते. तिच्या पाचव्या आयतीत नमाजबद्दल गाफील असणाऱ्यांचा उल्लेख आहे. तिथे 'अन' हा शब्द आहे, 'फी' नाही. 'फी' असता तर नमाज पढताना ज्याचं लक्ष क्षणभर भटकलं तोही त्यात आला असता, आणि मग कोण सुटलं असतं? 'अन'मुळे अर्थ नमाजकडेच दुर्लक्ष करण्याचा होतो. या एका छोट्या शब्दाबद्दल जुन्या मुफस्सिरांनी अल्लाहचे आभार मानल्याचं तफसीरच्या ग्रंथांत येतं.

ज्या मुलांना हा फरक समजावून सांगता येतो, त्यांना 'गिव्ह अप' आणि 'गिव्ह अप ऑन' यांतला फरकही समजेल. पहिल्याचा अर्थ एखादी गोष्ट सोडणे, जसं तंबाखू सोडणे. दुसऱ्याचा अर्थ एखाद्या माणसाची आशा सोडणे.

घरी करण्यासारखं एक काम सुचवतो. शंभर जोड्यांची यादी पाठ करायला लावू नका. आठवड्याला पाच जोड्या घ्या आणि प्रत्येकीचं एक वाक्य घरातल्याच गोष्टीवर मुलांकडून करून घ्या: कपाशीवर, संत्र्यांवर, एसटीच्या गर्दीवर, दादीच्या औषधांवर. जोडी नेहमी पूर्ण वाक्यातच लिहायची, सुटी नाही. अम्मी-अब्बांना इंग्रजी येत नसेल तरी हरकत नाही. मुलाने वाक्य वाचावं आणि त्याचा अर्थ आपल्या बोलीत सांगावा. अर्थ नीट सांगता आला तर जोडी समजली.

पुढील अंकात 'गेट' या एकाच क्रियापदाच्या जोड्या घेऊ, इन्शाअल्लाह. तोवर मुलांनी केलेली वाक्यं आम्हाला जरूर कळवा. खुदा हाफिज.