ओपन इलेक्टिव्हच्या रकान्यात काय लिहायचं?

बारावीचा निकाल लागला की पालकांची आमच्याकडे ये-जा सुरू होते. पूर्वी ‘आर्ट्स की सायन्स’ एवढाच प्रश्न असायचा. आता फॉर्मवर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे रकाने असतात आणि बऱ्याचदा ते नेटकॅफेवालाच भरून टाकतो. तीन वर्षं शिकायचं मुलीनं, विषय निवडायचा त्यानं!

जळगाव, धुळे, नंदुरबारची महाविद्यालयं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी जोडलेली आहेत. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर त्याच्या जोडीचा, आणि ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचा. म्हणजे महाविद्यालयात सोय असेल तर बी.एस्सी.ची मुलगीही इतिहास शिकू शकते.

इतिहासाचं नाव काढलं की घरात ठरलेला सवाल येतो: ‘हिस्ट्री लेके क्या करेगी?’ सवाल चुकीचा नाही. नुसती इतिहासाची पदवी हातात घेऊन नोकरी मिळत नाही, हे आम्ही पालकांना तोंडावर सांगतो. पण ‘सोपा आहे, गाइड वाचून पास होतो’ म्हणून इतिहास घेणाऱ्यांचंच पुढे अडतं. त्याच्या जोडीला काय आहे, ते पाहावं.

आपल्या उर्दू शाळेतल्या मुलांकडे जोडीला एक लिपी आहे आणि तिची किंमत आपल्यालाच कळलेली नाही. उर्दू वाचणाऱ्याला फारसीची अक्षरं नव्यानं शिकावी लागत नाहीत. मराठी येत असेल तर मोडीही सरावानं जमते. जुन्या मोडी कागदांत सनद, इनाम, मजकूर, बमोजीब असे शब्द पानोपानी येतात. इतर मुलं ते कोशात शोधतात, आपली मुलं ते घरूनच घेऊन येतात. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीनं मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदी तपासायला घेतल्या, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज पडलीच. ग. ह. खरे आणि सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी शिकून महाराष्ट्राच्या इतिहासाची साधनं मराठीत आणली. ज्यांच्या घरात उर्दू आहे, त्यांनी हे काम दुसऱ्यांवर का सोडावं?

आणि लांब जायची गरजही नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथं आजही आहे, जुने कागद सांभाळून. धुळे जिल्ह्यातच तापीकाठी थाळनेर आहे. मलिक राजा फारुकीचं ठाणं तिथं होतं, मकबरे अजून उभे आहेत. १३८२ पासून १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेईपर्यंत खानदेशावर फारुकींचं राज्य होतं. वर्गात ‘फारुकी कोण?’ विचारलं तर मुलं मोहल्ल्यातल्या फारुकींचं घर दाखवतात!

आता व्यवहाराचं. बी.एड.ला अध्यापन विषय पदवीच्या विषयावरून ठरतो. शाळेत इतिहास शिकवायचा असेल तर तो मेजरला घ्यावा, ओपन इलेक्टिव्हवर भागत नाही. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाला ५०० गुण असतात आणि त्या यादीत इतिहास आहे. मुलीला लॅबची आवड असेल तर मात्र तिला बळंच इतिहासाकडे वळवू नका. तिच्यासाठी ओपन इलेक्टिव्ह पुरे.

खरी अडचण माध्यमाची आहे. उर्दूतून बारावी केलेली मुलं पहिल्या सत्रात मराठी उत्तरं लिहिताना अडखळतात आणि कित्येक जण तिथंच नाद सोडतात. त्यावर आमचा एक साधा उपाय आहे. बालभारतीचं दहावीचं इतिहासाचं पुस्तक मराठीत आणि उर्दूत, दोन्ही आणावं. सुट्टीत रोज एक पान दोन्हीकडून वाचावं आणि उत्तर मराठीत लिहावं. ‘इक्तिदार’ म्हणजे ‘सत्ता’, ‘मुआहिदा’ म्हणजे ‘तह’, अशी स्वतःची वही तयार होते. तीच पुढे महाविद्यालयात कामी येते.

फॉर्म भरण्याआधी मुलीला घेऊन महाविद्यालयात एकदा जा. ओपन इलेक्टिव्हमध्ये यंदा कोणते विषय प्रत्यक्ष शिकवणार, उत्तरपत्रिका कोणत्या भाषेत लिहिता येते आणि तास किती वाजता सुटतो, हे विचारून घ्या. रावेर-यावलकडून जळगावला येणाऱ्या मुलींसाठी तिसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.