दोरा ओढू नका, पिल्लाला दवाखान्यात न्या

घरात मांजराचं पिल्लू असेल तर पुढचं वाचण्याआधी एवढं मनात पक्कं करा: त्याच्या तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढायचा नाही. टोक कितीही सुटं वाटलं तरी नाही. पिल्लाला टोपलीत घालायचं आणि तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यायचं.

हे कळवळून लिहिते आहे, कारण गेल्या गणपतीत आमची चिंगी गेली. चार महिन्यांची होती. गौरी जेवल्या त्या दिवशी घरभर गजरे होते, त्यातला एक सुकून खुर्चीखाली पडला असावा. दुसऱ्या दिवशी विसर्जनाच्या गडबडीत चिंगी दोनदा ओकली. केसांचा गोळा असेल, असं आम्ही सगळेच म्हणालो. इतक्या लहान पिल्लाला केसांच्या गोळ्याचा त्रास सहसा होत नाही, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं! तिसऱ्या दिवशी ती कपाटामागे जाऊन बसली ती बाहेर येईना. डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून जीभ वर उचलली आणि मला दाखवलं. जिभेच्या मुळाशी पांढऱ्या दोऱ्याचा वेढा बसला होता, बाकीचा दोरा घशाखाली उतरलेला. त्याच संध्याकाळी त्यांनी पोट उघडलं. आतडं तीन ठिकाणी कापलं गेलं होतं. चिंगीने ती रात्र काढली नाही.

परकराच्या नेफ्यातली नाडी ओढली की कापडाच्या कशा चुण्या पडतात, ते डोळ्यांसमोर आणा. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं आणि उरलेला दोरा आतडं पुढे ढकलत राहतं. दोरा सरकत नाही, म्हणून आतडंच त्याच्यावर गोळा होतं. मग तोच ताणलेला दोरा करवतीसारखा आतून कापू लागतो. छिद्र पडलं की आतली घाण पोटभर पसरते. बाहेरून आपण टोक ओढतो तेव्हा नेमकं हेच काम एका झटक्यात करतो.

पिल्लू हावरट म्हणून दोरा गिळतं असं नाही. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेला वळलेले असतात. दोरा एकदा त्यात गुंतला की पिल्लाला तो बाहेर टाकता येत नाही, गिळतच जावं लागतं. आणि हलणारा दोरा त्याला उंदराच्या शेपटीसारखा दिसतो. साडेतीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान दुधाचे दात पडतात, तेव्हा तर समोर येईल ते चावायचं असतं.

आपल्या घरात दोरे किती, हे एकदा मोजून बघा. हाराचा, फुलपुडीचा, राखीच्या गोंड्याचा, देवाच्या कापसाच्या वस्त्राचा, मिठाईच्या खोक्याचा, संक्रांतीला गच्चीवरून आलेल्या मांजाचा. शिवणाचा दोरा सगळ्यात वाईट, कारण त्याला सुई असते. मटणा-मासळीचा वास लागलेली सुतळी तर पिल्लू कचऱ्याच्या डब्यातूनही ओढून काढतं. शिवाय केसांचे रबर, जुडीचे रबर, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. रिमोटमधला चपटा बटण सेल गिळला तर अन्ननलिका काही तासांतच आतून भाजते. लहान लोहचुंबक दोन गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये चिमटून एकमेकांना चिकटतात. या दोन्ही बाबतींत त्रास दिसायची वाट पाहू नका, निघाच.

काही गिळताना पाहिलं नसेल तरी पिल्लाकडे लक्ष ठेवा. ते पुन्हा पुन्हा ओकतं, खाणं सोडतं, लाळ गाळतं, पंजाने तोंड ओरबाडतं, पाठ कमानीसारखी करून बसतं, पोटाला हात लावू देत नाही, शी करत नाही किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात दडतं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मोठं मांजर एक वेळ उपाशी राहिलं तर निभावतं. पिल्लाच्या अंगातलं पाणी आणि साखर फार लवकर उतरते. ‘उद्या बघू’ आम्हीही म्हणालो होतो.

घरचे उपाय करू नका. ओकारीसाठी मिठाचं पाणी पाजलं तर मीठ अंगात चढून जीव जातो. हायड्रोजन पेरॉक्साइडने मांजराच्या जठरातून रक्त येतं. तूप किंवा एरंडेल जबरदस्तीने ओतलं तर फुप्फुसात जाऊ शकतं. पॅरासिटामॉलची आपली एक गोळीसुद्धा मांजराला मारते. वाटेत काही भरवू नका, भूल द्यावी लागू शकते. शेपटीखाली दोरा लोंबत असेल तर तो पिल्लाला चाटू देऊ नका.

जे गिळलं असेल त्यासारखाच तुकडा डॉक्टरांना दाखवायला सोबत घ्या आणि संशय स्पष्ट बोलून दाखवा. एक्स-रेत सुई दिसते, दोरा दिसत नाही. सोनोग्राफीत आतड्याच्या चुण्या दिसू शकतात. ‘जिभेखाली बघता का?’ असं विचारायला संकोच करू नका. वस्तू जठरातच असेल तर कधी दुर्बिणीने निघते, आतड्यात गेली असेल तर बहुधा शस्त्रक्रिया लागते. आतडं फाटण्याआधी केली तर बरीचशी पिल्लं वाचतात.

रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, तिथे मांजराची शस्त्रक्रिया होते का, हे आजच फोन करून विचारा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा. गावात राहत असाल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. परळ, नागपूर, परभणी, शिरवळ आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांचीही माहिती काढून ठेवा.

आणि संध्याकाळी केसातला गजरा काढाल तेव्हा तो टेबलावर ठेवू नका. फुलं वेगळी करा, दोरा बारीक कापा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात टाका. मग वाकून एकदा खुर्चीखाली बघा.