उघाडी आणि गाळ

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पावसाचा जोर वाढला की मी आधी भरतीची वेळ पाहतो. वाशीत राहून लागलेली ही सवय. कारण नवी मुंबईचा बराच भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे.

शहराची आखणी करणाऱ्या सिडकोला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. १९७० नंतर खाडीकाठी शहर वसवताना तिने नेदरलँड्सच्या धर्तीवर धारण तलाव आखले. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबानेच तलावाची झडपं मिटतात आणि शहरातलं पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली की झडपं उघडतात, पाणी खाडीत उतरतं. इथल्या आगऱ्यांना यात नवल वाटलं नसेल. खारजमिनीच्या बांधातली त्यांची झडप, म्हणजे उघाडी, पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आली होती. बांधाला खांड पडली की अख्खं गाव धावायचं, कारण भात सगळ्यांचंच बुडणार असे.

आज तलावांत गाळ साचला आहे. गाळावर खारफुटी वाढली, तिला कायद्याचं संरक्षण, त्यामुळे गाळ उपसायचा तर न्यायालयाच्या परवानगीपर्यंत जावं लागतं. खारफुटीला बोल लावू नये. खाडीकाठी लाटांचा मारा तीच झेलते. गाळ वेळच्या वेळी निघाला असता तर ती तलावाच्या पोटात रुजलीच नसती.

२६ जुलै २००५ला शेजारच्या मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वर्षी देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा आला; प्राधिकरणं झाली, आराखडे झाले. वादळाची सूचना आता आधी मिळते, आणि त्याने माणसं वाचतात. तुंबलेल्या पाण्याला मात्र जागाच लागते.

विकसनशील देशाला एवढी तयारी कुठून परवडणार, असं अजूनही ऐकू येतं. मला ते पटत नाही. याच शहराशेजारी आपण उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं हलवली आणि ऑक्टोबर २०२५मध्ये विमानतळाचं उद्घाटन केलं. ज्यांना नदी वळवता येते त्यांना तलावातला गाळ काढता येत नाही, हे कोणी सांगू नये.

आपल्या विभागाचा धारण तलाव कुठे आहे, हे पाऊस सुरू होण्याआधी एकदा पाहून या. त्यात पाणी किती आणि गाळ किती, ते आपल्या नगरसेवकाला विचारा.