ऑपरेशन पुण्यात, पुढची वीस वर्षे कोल्हापुरात

कोल्हापुरात भरल्या अंगाला मान आहे. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले खासबागचे मैदान १९१२ मध्ये खुले झाले. त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या तालमींनी धिप्पाड माणसाकडे कौतुकाने पाहायला शिकवले आहे. गंगावेशीत डोळ्यांसमोर म्हैस पिळून घेऊन धारोष्ण दूध पिण्याची पद्धत अजून टिकून आहे. फक्त तालीम सुटते आणि खुराक सुटत नाही. जोर-बैठका बंद होऊन दहा-पंधरा वर्षे झाली तरी मटणाची वाटी आणि दुधाचा पेला तेवढाच राहतो. ज्यांनी लाल माती कधी अंगाला लावली नाही, त्यांचीही गत वेगळी नाही. दिवसभर गल्ल्यावर किंवा खुर्चीत बसायचे, दोन गल्ल्या पलीकडे जायला गाडी काढायची आणि पाहुणचार मात्र आजोबांच्या काळातला.

अशा शहरात कोणी वजनासाठी ऑपरेशन करून घेतले की कुजबुज सुरू होते. ‘रंकाळ्यावर दोन फेऱ्या मारल्या असत्या तर?’ ‘तोंड आवरलं असतं तर पोट कापावं लागलं नसतं.’ हे बोलणे अन्यायाचे आहे. तीस-चाळीस किलो जास्तीचे वजन अंगावर आले की शरीर तेच आपले खरे वजन समजून राखू लागते. उपास-पथ्याने दहा किलो उतरले की भूक वाढवणारी संप्रेरके जोर करतात, शरीर कमी ऊर्जेत भागवायला शिकते आणि वर्ष-दोन वर्षांत वजन परत येते. यात इच्छाशक्तीचा दोष शोधणे म्हणजे तापाच्या रुग्णाला घाम का येतो म्हणून रागावणे होय. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये, भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुढे ते त्याबद्दल उघडपणे बोलले. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत हा विषय त्यामुळे पहिल्यांदा जेवणाच्या टेबलावर आला.

ऑपरेशन करावे की नाही, यावर आता बऱ्यापैकी बोलले जाते. कोणते करावे, यावर मात्र चुकीच्या मापाने बोलले जाते. जाहिरातीत आधीचा आणि नंतरचा फोटो असतो, खाली किलोचा आकडा असतो आणि मुदत असते सहा महिन्यांची किंवा वर्षाची. पहिल्या वर्षी जवळजवळ सगळ्याच पद्धती चांगल्या दिसतात. खरा फरक पाचव्या, दहाव्या वर्षी कळतो, आणि तोवर फोटो काढणारे कोणी नसते.

आज जगात सर्वाधिक केली जाणारी शस्त्रक्रिया म्हणजे स्लीव्ह. पोटावर चार-पाच छोटी छिद्रे पाडून दुर्बीण आत जाते. भूलतज्ज्ञ तोंडावाटे एक जाड नळी जठरात उतरवतो. त्या नळीच्या कडेने सर्जन स्टेपलर चालवत वर जातो. हे यंत्र एकाच दाबात कापते आणि दोन्ही बाजूंना टाचण्यांच्या रांगा मारते. जठराचा ७५ ते ८० टक्के भाग सुटा होतो आणि एका छिद्रातून बाहेर काढला जातो. आत उरते ती दीडशे मिलीलिटरच्या आसपास मावेल अशी अरुंद नळी. भूक चाळवणारे घ्रेलिन मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते आणि तोच भाग निघून गेल्याने सुरुवातीचे महिने भुकेची आठवणही येत नाही, असे रुग्ण सांगतात. आतड्याला हात लावलेला नसतो, ऑपरेशन तुलनेने लवकर आटोपते. सर्जन आणि रुग्ण दोघांनाही ते सोपे वाटते ते यामुळेच. मात्र काढलेले जठर परत बसवता येत नाही.

बायपास जुना आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये तो पहिल्यांदा केला. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण नंतर बारीकच राहतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. आजच्या बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम ३० मिलीलिटरची पिशवी बनवतात आणि लहान आतडे कापून त्याचे खालचे टोक तिला जोडतात. अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जाते. तिथले पाचकरस खाली दुसऱ्या जोडापाशी त्याला भेटतात. जोड दोन, म्हणून वेळ आणि कौशल्यही जास्त लागते. एकाच जोडावर भागवणारा ‘मिनी बायपास’ रॉबर्ट रटलेज या अमेरिकी सर्जनने १९९७ मध्ये सुरू केला आणि भारतात तो चांगलाच रुजला. जठराभोवती सिलिकॉनचा पट्टा बांधण्याची पद्धत एकेकाळी जोरात होती. पट्टा सरकणे, जठरात रुतणे, तो काढायला दुसरे ऑपरेशन करावे लागणे, या तक्रारींनी ती जवळपास मागे पडली.

स्लीव्ह आणि बायपास यांची सर्वांत प्रामाणिक तुलना फिनलंडमध्ये झाली. तिथे २४० रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत विभागले आणि दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्लीव्हवाल्यांचे जास्तीचे वजन ४३.५ टक्क्यांनी उतरलेले होते, बायपासवाल्यांचे ५१.९ टक्क्यांनी. म्हणजे अंगावर ४० किलो जास्तीचे असतील, तर एकाचे साधारण १७ किलो उतरले आणि दुसऱ्याचे २१. चार किलोंचा हा फरक आहे, नाकारण्याजोगा नाही, पण ज्यासाठी जीव टाकावा एवढाही नाही. मधुमेह पूर्ण आटोक्यात राहिलेले रुग्ण स्लीव्हमध्ये २६ टक्के, बायपासमध्ये ३३ टक्के होते आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. तिसरा आकडा मात्र डोळे उघडणारा आहे. दुर्बिणीतून तपासल्यावर अन्ननलिकेला आम्लाने झालेला दाह स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्क्यांत सापडला, बायपासवाल्यांपैकी ७ टक्क्यांत.

कोल्हापुरात हा आकडा भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. सकाळी मिसळ, रात्री उशिरा तांबडा रस्सा, वर झोपण्याआधी ॲसिडिटीची गोळी, ही इथल्या अनेक घरांतली रीतच आहे. ज्याला रोज छातीत जळजळते, त्याच्या जठराची दाब वाढलेली अरुंद नळी केली तर आम्ल आणखी वर ढकलले जाणार. एंडोस्कोपी न करता अशा माणसाला स्लीव्ह सुचवणे ही सरळसरळ चूक आहे. ‘स्लीव्ह करू, लागलं तर नंतर बायपास करता येतो’ हे वाक्यही फार सहज बोलले जाते. ते वैद्यकीयदृष्ट्या खरे आहे, पण दुसरे ऑपरेशन म्हणजे दुसरी भूल, दुसरा धोका आणि पुन्हा काही लाखांचा खर्च.

बायपासचीही किंमत आहे. तो केलेल्या माणसाने गुऱ्हाळावर बसून उसाचा रस घटाघटा प्यायला, की साखर जठरात न थांबता थेट आतड्यात उतरते. घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात मुरडा येतो, आडवे व्हावे लागते. काकवी, बासुंदी, जिलेबी, सगळ्यांची तीच गोष्ट. गुडघ्यासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली वेदनाशामक गोळी आणि सिगारेट, या दोन्हींनी जोडापाशी अल्सर होऊ शकतो. वजन झपाट्याने उतरताना पित्ताचे खडे होतात. त्यातला एखादा पित्तनलिकेत अडकला तर तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढण्याचा नेहमीचा रस्ता बायपासने बंद केलेला असतो. लोह, कॅल्शियम, ब-१२ यांचे शोषण कमी होते, गोळ्या जन्मभर. मिनी बायपासमध्ये हे जास्त जाणवते. फ्रान्समधल्या २०१९ च्या तुलनेत त्याने बायपासइतकेच वजन उतरवले, पण पोषणाच्या गंभीर तक्रारी त्याच्याच वाट्याला अधिक आल्या. जे अंडे, मासे, मटण खात नाहीत, त्यांनी तर हा पर्याय दहा वेळा विचार करून घ्यावा.

मधुमेहाचा मुद्दा महाराष्ट्राच्या घरचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय माणूस दिसायला बारीक आणि आतून चरबीचा असू शकतो, हे एवढ्या कमी शब्दांत क्वचितच कोणी दाखवले असेल. पुण्यातच डॉ. शशांक शहा आणि डॉ. जयश्री तोडकर यांनी बीएमआय ३५ च्या खाली असलेल्या १५ मधुमेही रुग्णांवर बायपास केला आणि सगळ्यांची मधुमेहाची औषधे थांबल्याचे २०१० मध्ये नोंदवले. संख्या छोटी, पाठपुरावा नऊ महिन्यांचा, तरी दिशा दाखवणारे काम होते. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आशियाई लोकांसाठी ही शस्त्रक्रिया बीएमआय २७.५ पासून विचारात घ्यावी, असे म्हटले.

आपल्या विमा पॉलिसीतली प्रमाणित अट मात्र अजून बीएमआय ४० ची, किंवा अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडखळणे असा गंभीर आजार सोबत असेल तर ३५ ची आहे. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाने काय करायचे? १०९ किलो भरेपर्यंत थांबायचे, किंवा ९५ किलो आणि सोबत मोठा आजार होईपर्यंत. ७५ किलोच्या प्रत्येकाला टेबलावर घ्यावे असे कोणी म्हणत नाही. पण ज्या देशातल्या माणसाला कमी वजनातच मधुमेह गाठतो, तिथे गोऱ्या शरीरासाठी आखलेली रेषा वापरणे अन्यायाचे आहे आणि विमा नियामकाने ती बदललीच पाहिजे.

मुंबईने २०१७ मध्ये या शस्त्रक्रियेची ताकद आणि मर्यादा दोन्ही पाहिल्या. इजिप्तची इमान अहमद सुमारे ५०० किलो वजन घेऊन फेब्रुवारीत मालवाहू विमानाने आली. सैफी रुग्णालयात डॉ. मुफ्फझल लकडावाला यांच्या पथकाने मार्चमध्ये तिची स्लीव्ह केली. निवड योग्यच होती. फार जोखमीच्या रुग्णात आधी छोटे ऑपरेशन करून वजन उतरवायचे आणि मोठे नंतर करायचे, यातूनच तर स्लीव्ह जन्माला आली. तिचे वजन खूप उतरले. पुढे नातेवाईक आणि रुग्णालय यांच्यात जाहीर वाद झाला, मे महिन्यात तिला अबूधाबीला हलवले आणि सप्टेंबरमध्ये ती गेली. कॅमेरे तिला उचलणाऱ्या क्रेनभोवती गर्दी करून होते, तेव्हा तिचे हृदय आणि मूत्रपिंडे किती थकलेली आहेत, ही बातमी मागच्या पानावर होती.

आता वजन उतरवणारी इंजेक्शने आली आहेत. माउंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही जूनमध्ये भारतात आले, आणि ‘आता कापाकापी कशाला’ हा प्रश्न रास्त आहे. अनेकांना त्यांचा उपयोग होईल. पण वेगोव्हीतले औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आल्याचे मोठ्या अभ्यासात दिसले आहे. म्हणजे इंजेक्शन घ्या किंवा ऑपरेशन करा, उपचार जन्मभराचाच आहे.

आणि इथेच कोल्हापूरचा खरा प्रश्न येतो. शहरात काही खासगी रुग्णालयांत ही ऑपरेशने होतात, तरी बरेच जण पुणे-मुंबई गाठतात. पहिल्या वर्षी सगळे नेमाने तपासणीला जातात. पुण्याला जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर होतात, एक दिवस मोडतो, रजा पडते. तिसऱ्या वर्षी फोनवर भागते आणि पाचव्या वर्षी फाईल कपाटात जाते. मग कधी तरी तळपायाला मुंग्या येतात, जिना चढताना दम लागतो. गल्लीतले डॉक्टर मधुमेहाच्या नसा म्हणून औषध देतात आणि ब-१२ बघायचे राहून जाते. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी सुरू झालेल्या सततच्या उलट्या. अशा रुग्णाच्या अंगातले थायमिन, म्हणजे ब-१, संपत आलेले असते. ते आधी न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन लावले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गडहिंग्लज किंवा गारगोटीत रात्री अकरा वाजता दाखल होणाऱ्या रुग्णासमोर उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरला हे ठाऊक असायला हवे.

म्हणून मागणी साधी आहे. ऑपरेशन कुठेही झालेले असो, पुढची तपासणी जिल्ह्यातच, सीपीआर या सरकारी रुग्णालयात, ठरलेल्या वारी आणि परवडेल अशा दरात व्हावी. रक्ततपासणी, आहारतज्ज्ञ आणि गरजेच्या गोळ्या एका जागी मिळाव्यात. दहा वर्षांनी किती रुग्ण कसे आहेत, हे प्रत्येक केंद्राने जाहीर करावे. आणि ज्यांच्या घरात सध्या हा निर्णय चालू आहे, त्यांनी सही करण्याआधी एंडोस्कोपी झाली का ते पाहावे. माझ्यासाठी हीच पद्धत का, दुसरी का नाही, हे सर्जनकडून लेखी घ्यावे. पाचव्या वर्षी माझे रक्त कोण तपासणार, हेही त्याच कागदावर लिहून मागावे. उत्तर मिळाले नाही तर दुसऱ्या सर्जनचे मत घ्यायला अजिबात संकोच करू नये.